कोणासाठी, किती, केव्हापर्यंत: तोरा आणि ज्यू सणांतून रोजच्या जगण्यासाठी शिकवण कशी काढावी

तोरा हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, नाहीतर वरून कोणी पडलं तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. आकाश-पृथ्वीच्या निर्मितीने सुरू होणारा ग्रंथ गच्चीच्या कठड्यापर्यंत येतो, आणि त्याचा अर्थ लावणारे पंडित आणखी पुढे जातात. कठडा किमान दहा मुठी उंच हवा, म्हणजे आजच्या मापाने ८० सेंटिमीटर किंवा थोडा जास्त, आणि टेकून उभ्या राहिलेल्या माणसाचा भार त्याने पेलला पाहिजे, असं बाराव्या शतकातल्या मैमोनिडीसने, ज्यू परंपरेत ज्याला रंबाम म्हणतात त्याने, लिहून ठेवलं आहे.

तोरा वाचायला घेणाऱ्याने ही ओळ आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, ही आज्ञाही तोरातलीच आहे (लेवीय १९:१८) आणि ती बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या प्रेमापोटी उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे कठड्याच्या ओळीतून कळतं. ज्यू परंपरेत शिकवणीला एक माणूस, एक माप आणि एक मुदत जोडलेली असते. म्हणून कुठलाही उतारा किंवा सण समोर आला की तीन प्रश्न विचारायचे: कोणासाठी? किती? केव्हापर्यंत? या तिन्हींची उत्तरं मिळाली की शिकवण वापरता येते. ती कशी काढायची, हे पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: ग्रंथ आणि पंचांग जुळवून घ्या

मराठी बायबलमधली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. ज्यू परंपरेत या पाच पुस्तकांचे ५४ साप्ताहिक भाग पाडले आहेत. एका भागाला पाराशा म्हणतात. दर शनिवारी सकाळी सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, त्या आठवड्याचा पाराशा हिब्रूतून मोठ्याने वाचला जातो. जगातल्या बहुतेक सगळ्या ज्यू वस्त्या एकाच आठवड्यात तोच भाग वाचत असतात. वर्षाच्या शेवटी, सुक्कोथ या मांडवांच्या सणाच्या पाठोपाठ येणाऱ्या सिम्हाथ तोराच्या दिवशी, अनुवादाचा शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी उत्पत्तीची पहिली ओळ पुन्हा वाचली जाते.

पंचांग मराठी वाचकाला चटकन समजेल, कारण ते आपल्यासारखंच चांद्रसौर आहे. महिने चंद्राचे, पण ऋतू सुटू नयेत म्हणून १९ वर्षांत सात वेळा तेरावा महिना धरतात. पेसाह (मिसर म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण) १५ निसानला, म्हणजे साधारण चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येतो, तर सुक्कोथ १५ तिश्रीला, बहुधा कोजागिरीच्या आसपास. अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी येत नाही, त्यामुळे कधी कधी महिनाभराचा फरक पडतो. दिवस मात्र सूर्यास्ताला सुरू होतो, हे पक्कं लक्षात ठेवा. शनिवारचा शब्बाथ, आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. हिबकॅलसारख्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा पाराशा, सणांच्या तारखा आणि मुंबई-पुण्याच्या सूर्यास्ताच्या वेळा मिळतात.

वाचण्याची पद्धत तालमूदमध्येच, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहातच, सांगितली आहे: आठवड्याचा भाग मूळ भाषेत दोनदा आणि भाषांतरात एकदा वाचावा. हिब्रू येत नसेल तर मराठी मजकूर दोनदा वाचा, त्यातला एकदा मोठ्याने. तिसऱ्या वेळी एखादं भाष्य सोबत घ्या. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेल्या राशीचं भाष्य सगळ्यांत जास्त वाचलं जातं, आणि त्याची इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. पाराशाचे सात पोटभाग असतात. रविवारपासून रोज एक वाचला तर शनिवारी भाग पुरा होतो.

दुसरी पायरी: क्रियापद शोधा

हे उदाहरणानेच दाखवतो. की थेत्से नावाचा पाराशा (अनुवाद २१:१० ते २५:१९) ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये वाचला जातो. परंपरेच्या मोजणीप्रमाणे या एका भागात ७४ आज्ञा आहेत. कठड्याची आज्ञा इथलीच. वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि प्रत्येक आज्ञेतलं क्रियापद अधोरेखित करा: परत दे, उचलून धर, बाहेर उभा राहा, मागे फिरू नकोस.

मजुरीची आज्ञा घ्या (अनुवाद २४:१४-१५). गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. मजूर आपल्या समाजाचा असो की परका, नियम एकच. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या गाभ्याशी असलेल्या नियमसंग्रहात, याचा तपशील येतो. दिवसा राबलेल्याचे पैसे त्या रात्रीत चुकते व्हावेत, रात्री राबलेल्याचे पुढच्या दिवसात. आता तीन प्रश्न लावा. कोणासाठी? पंखा दुरुस्त करून गेलेला वायरमन, भिंत रंगवणारा, शिकवणी घेणाऱ्या ताई, आणि तुमचा छोटा व्यवसाय असेल तर माल पोचवून गेलेला टेम्पोवाला. किती? ठरलेली पूर्ण रक्कम. सुट्टे नाहीत म्हणून राहिलेले पन्नास रुपयेसुद्धा. केव्हापर्यंत? काम संपलं त्या दिवशी, झोपण्याआधी.

मजुराने मागितलेच नाहीत तर मालकावर दोष येत नाही, असंही मिश्ना म्हणते. इथे मी वाचकाला नियमाच्या एक पाऊल पुढे जायला सांगेन. आपल्याकडे काम करणारा माणूस पैसे मागायला संकोचतो. पुढचं काम हातचं जाईल ही भीती त्याला असते. तेव्हा त्याच्या मागण्याची वाट पाहू नका.

याच भागात कर्ज वसुलीचा नियम आहे (२४:१०-१३). ऋणकोच्या घरात शिरून तारण उचलू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. त्याचं पांघरूणच तारण असेल तर रात्री परत दे, त्याला त्यातच झोपायचं असतं. देणाऱ्याचा हक्क इथे नाकारलेला नाही. पण घेणाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर त्याने थांबायचं आहे. नातेवाइकाला उसने दिलेले पैसे परत मागायचे असतील तेव्हा त्याच्या मुलांसमोर, लग्नाच्या मांडवात किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय काढू नये, हा या ओळीचा आजचा अर्थ मला अगदी स्पष्ट दिसतो.

मग शेतात विसरलेली पेंढी (२४:१९). कापणी करताना एखादी पेंढी राहून गेली तर ती आणायला मागे फिरू नको, ती परक्याची, अनाथाची आणि विधवेची. हिच्या जोडीला लेवीय १९:९ मधला नियम वाचा, शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही. तोरात कडेचं माप दिलेलं नाही. मिश्नाने वरची मर्यादा मोकळी सोडली आणि खालची बांधून दिली: साठाव्या हिश्शापेक्षा कमी नको. शेती नसलेल्याला हा हिशेब आपल्या मिळकतीवर करून पाहता येतो. महिना ३०,००० रुपये येत असतील तर ५०० रुपये. पण या आज्ञेत रकमेपेक्षा रीत मोलाची आहे. कडेचं पीक मालक कोणाच्या हातात ठेवत नाही. गरीब स्वतः येऊन कापून नेतो, आणि कोणी न्यावं हे मालकाने ठरवायचं नसतं. त्यामुळे नेणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. तुमचं देणं असं रचता येईल का, हे बघा. शाळेची फी परस्पर शाळेत भरता येते, वाण्याकडे आगाऊ पैसे ठेवून ज्याला गरज आहे त्याला माल द्यायला सांगता येतं. रंबामने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या, त्यांत सर्वांत वरची पायरी माणसाला काम, भागीदारी किंवा कर्ज देऊन त्याच्या पायावर उभं करण्याची आहे, कारण मग त्याला हात पसरावाच लागत नाही.

एका आठवड्यात एवढं सगळं करू नका. ७४ मधली एक आज्ञा निवडा, वहीत तिची तीन उत्तरं लिहा आणि पुढच्या शुक्रवारी ती पाळली का ते तपासा.

तिसरी पायरी: रूक्ष आणि कठीण भाग टाळू नका

निर्गमच्या शेवटच्या अध्यायांत निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, पडदे आणि कड्यांच्या याद्या आहेत. बरेच वाचक इथे पुस्तक मिटतात. पण निर्गम ३८ मध्ये मोशे जमा झालेल्या धातूंचा हिशेब देतो. ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल चांदी दिली, श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही. त्याचे झाले ३,०१,७७५ शेकेल. एका किक्कारात ३,००० शेकेल, म्हणजे १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. शंभर किक्कार पायाच्या बैठकांना लागले, आणि उरलेल्या १,७७५ शेकेलांचे खांबांचे आकडे (हुक) केले, असं पुढच्याच ओळीत लिहिलं आहे. देवाशी बोलणारा माणूस लोकांना खांबाच्या आकड्यांचाही हिशेब देतो! सोसायटीचे, मंडळाचे किंवा सहलीचे पैसे ज्यांच्या हातात असतात त्यांनी हा अध्याय जरूर वाचावा, आणि कोणी न मागता, खर्च संपला त्या आठवड्यात, शेवटच्या रुपयापर्यंतचा कागद सगळ्यांपुढे ठेवावा.

कठीण भाग वेगळे. की थेत्सेमध्येच हट्टी, बंडखोर मुलाला दगडमार करण्याचा उतारा आहे (२१:१८-२१). त्यावरून डोळेझाक करून पुढे जाऊ नका आणि ओढूनताणून त्याचं समर्थनही करू नका. परंपरेने त्याचं काय केलं ते शोधा. तालमूदमधल्या पंडितांनी या आज्ञेला इतक्या अटी लावल्या की ती अशक्य होऊन बसली. एका मताप्रमाणे आई आणि वडील यांचा आवाज, रूप आणि उंचीसुद्धा सारखी हवी. असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. ग्रंथावर श्रद्धा ठेवूनही मुलाचा जीव कसा वाचवायचा, हे या चर्चेतून शिकता येतं. घरातले, संस्थेतले जुने कडक नियम हाताळताना मला ही पद्धत फार उपयोगाची वाटते. सगळ्याच कठीण उताऱ्यांना असं समाधानकारक उत्तर मिळत नाही. तिथे वहीत प्रश्न लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तोच भाग पुन्हा समोर येणार आहे.

चौथी पायरी: शब्बाथ, दर आठवड्याची तालीम

दहा आज्ञा तोरात दोनदा येतात, आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलं आहे. निर्गम २० मध्ये कारण आहे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ५ मध्ये कारण आहे की तू मिसरात गुलाम होतास. तिथे मुद्दाम म्हटलं आहे की तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. यादीत बैल आणि गाढवसुद्धा आहेत.

शिकवण काढताना बहुतेक जण पहिल्या कारणापाशी थांबतात: मला विश्रांती हवी, फोन बाजूला ठेवू या. तेही करा. पण पाळायचं असेल तर शब्बाथसारखं काटेकोर पाळा. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी लावतात आणि त्या क्षणापासून काम थांबतं, अर्धवट राहिलेलं असलं तरी. मिश्नामध्ये वर्ज्य कामांचे ३९ प्रकार मोजले आहेत. ज्यू नसलेल्या वाचकाने एक-दोन निवडावेत: खरेदी नाही, कार्यालयाचा मेल नाही. सुरुवातीची आणि शेवटाची वेळ घड्याळावर ठरवा. त्याची खरी तयारी शुक्रवारी दुपारी असते. स्वयंपाक आटोपलेला, बिलं भरलेली, उद्या लागणाऱ्या वस्तू काढून ठेवलेल्या. शब्बाथ पाळणाऱ्या कोणालाही विचारा, सहा दिवस नीट लावल्याशिवाय सातवा मिळत नाही, असंच ते सांगतील.

दुसरं कारण जास्त अवघड आहे आणि आपल्या घरांना जास्त लागू आहे. तुमच्या विसाव्याच्या दिवशी दुसरं कोण राबतं? घरकाम करणाऱ्या बाईंना आठवड्याची एक ठरलेली, पगारी सुट्टी आहे का? 'हवी तेव्हा सांगा' म्हणून मिळणारी नव्हे, वाराने ठरलेली? रविवारी घरी निवांत बसून दहा मिनिटांत सामान मागवताना ते आणणाऱ्या मुलाचा रविवार कुठला? अनुवादातली आज्ञा हे प्रश्न थेट घरमालकाला विचारते, कारण सुट्टी देणं त्याच्या हातात असतं.

महाराष्ट्रात या आज्ञेची एक जिवंत खूण आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथ हाताशी नसतानाच्या लांब काळात या मराठीभाषक समाजाने जे थोडे आचार सोडले नाहीत, त्यांत हा होता. दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर त्यांनी पाणी सोडलं.

पाचवी पायरी: वर्षाच्या चक्रात सण बसवा

सणांची सुरुवात रोश हशानापासून करण्यापेक्षा त्याच्या आधीच्या एलूल महिन्यापासून करा. हा उजळणीचा महिना आहे. मग १ तिश्रीला रोश हशाना म्हणजे नववर्ष, शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा नाद, आणि १० तिश्रीला योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, सुमारे २५ तासांचा निर्जळी उपास. सगळ्या वर्षात मी वाचकाला एकच सण निवडायला सांगितला तर हा सांगेन.

मिश्नाच्या योमा नावाच्या भागातलं एक वाक्य याच्या मुळाशी आहे: माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचं प्रायश्चित्त योम किप्पूर करतो, पण माणसामाणसांतल्या अपराधांचं होत नाही, जोवर ज्याला दुखावलं त्याची समजूत काढली जात नाही. दिवसभर उपास केला तरी देव तुमच्या शेजाऱ्याच्या वतीने माफी देत नाही. रंबामने याची रीतच लिहून दिली आहे. ती अशी वापरता येते.

एलूलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तीन ते पाच नावं लिहा. प्रत्येकापुढे नेमकं काय केलं ते एका वाक्यात लिहा: 'बैठकीत तिचं काम माझं म्हणून सांगितलं.' पैशाचा मामला असेल तर आधी पैसे परत करा. रंबाम म्हणतो, पैसे फेडले तरी माफी मागावी लागते, पण पैसे न फेडता मागितलेली माफी पोकळ असते हे उघडच आहे. मग प्रत्यक्ष भेटा. काय केलं त्याचा उच्चार करा. 'काही चुकलं असेल तर' अशी भाषा नको, आणि सगळ्यांना एकच संदेश पाठवणं तर नकोच, कारण त्यात कोणासाठी या प्रश्नाचं उत्तर नसतं. समोरच्याने नाही म्हटलं तर त्याच्या तीन मित्रांना घेऊन पुन्हा जायचं. त्यानेही जमलं नाही तर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा. त्यानंतर तुमच्याकडून झालं, सोडून द्या. आपल्या काळात तीन माणसं घेऊन जाणं दडपण आणणारं ठरू शकतं, म्हणून दोघांनाही मानणारं एखादं वडीलधारं माणूस मध्ये घालावं, असं मी सुचवेन. उलट बाजूही तिथेच आहे: मनापासून माफी मागणाऱ्याला अडून बसून छळू नये. माणूस हयात नसेल तर दहा जणांना त्याच्या कबरीपाशी नेऊन त्यांच्यासमोर कबुली द्यायची, आणि त्याचं देणं असेल तर वारसांना द्यायचं.

हे पुरं झालं हे कशावरून ओळखायचं? रंबामचं उत्तर रोखठोक आहे. तीच परिस्थिती पुन्हा येते, तोच मोह, तीच संधी, आणि या वेळी माणूस ते करत नाही. म्हणून पुढच्या वर्षी यादी काढताना मागच्या वर्षीची शेजारी ठेवा.

किप्पूरनंतर चार दिवसांनी, पाचव्या दिवशी, सुक्कोथ. सात दिवस मांडवात जेवायचं, शक्य तिथे झोपायचंही. छप्पर झावळ्या-फांद्यांचं, ऊन कमी आणि सावली जास्त असं, तरी तारे दिसतील इतपत विरळ. पाऊस इतका लागला की ताटातलं अन्न खराब होईल, तर आत जायची मुभा मिश्ना देते. या सणातून घेण्यासारखी गोष्ट पाहुण्याची आहे, आणि ती सगळ्याच सणांना लागू आहे. दार लावून बायकोमुलांबरोबर खाणारा आणि गरिबाला न जेवू घालणारा माणूस सणाचा नव्हे तर पोटाचा आनंद करतो, असं रंबाम लिहितो. तुमच्या पुढच्या सणाच्या पंगतीत कुटुंबाबाहेरचं एक पान ठरवा, आणि आमंत्रण आठवडाभर आधी द्या.

हनुक्का तोरातला नाही. इसवी सनापूर्वी १६४ मधल्या यरुशलेमच्या मंदिराच्या पुनःशुद्धीची ती आठवण आहे. आठ रात्री दिवे लावताना पहिल्या दिवशी एक आणि रोज एक वाढवायचा, ही हिल्लेल या पंडिताच्या शिष्यांची रीत टिकली. शम्माई या दुसऱ्या पंडिताचे शिष्य आठापासून उतरत जात. नवी सवय लावताना हिल्लेलची रीत घ्यावी: लहान सुरुवात, रोज थोडी भर. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला झाडांचं नवं वर्ष येतं. त्याच्याबरोबर लेवीय १९:२३-२५ वाचा. झाडाची पहिली तीन वर्षांची फळं खायची नाहीत, चौथ्या वर्षीची देवाची, पाचव्यापासून आपली. कोकणातले बेने इस्राएल याच दिवशी एलियाहू हनाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात, पोहे, नारळ, गूळ किंवा साखर आणि फळं घालून.

पुरीम, १४ अदारचा, होळीच्या सुमाराचा सण. वेश, गोंगाट, मेजवानी हे सगळं आहेच, पण कर्तव्यं चार: बायबलमधल्या एस्तेर राणीची कथा ऐकणं, जेवण, एका तरी व्यक्तीला दोन खाद्यपदार्थ पाठवणं, आणि किमान दोन गरिबांना त्याच दिवशी दान. यात रंबामचा एक नियम थेट खर्चाच्या वहीत उतरवावा असा आहे: मेजवानीवर आणि मित्रांना पाठवायच्या ताटांवर जास्त खर्च करण्यापेक्षा गरिबांच्या वाट्यावर जास्त खर्च करावा. पुरीमच्या दिवशी हात पसरणाऱ्याची चौकशी करत बसायचं नाही, हेही आहे. घरच्या कुठल्याही मोठ्या सणाचा खर्च तीन रकान्यांत मांडा, आपलं जेवण, मित्रांच्या भेटी आणि गरजूंचा वाटा. तिसरा रकाना सगळ्यांत मोठा करायचा म्हटलं की पहिल्या दोहोंतलं काय कमी होऊ शकतं ते लगेच दिसतं.

पेसाहच्या आधी घरातलं आंबवलेलं धान्य कणाकणाने काढतात. १४ निसान लागतो त्या रात्री मेणबत्ती घेऊन कोपरे तपासतात. मग सेदेर, म्हणजे क्रम लावलेलं जेवण, मत्झा (न आंबवलेली भाकरी), कडू भाजी, चार पेले, आणि सगळ्यांत लहान मुलाने विचारायचे प्रश्न. हगादा ही त्या रात्री वाचायची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली. १८७४ च्या पुण्यातल्या हगादाच्या चित्रांत तर साड्या नेसलेल्या बायका मत्झा करताना दिसतात.

सेदेरमधून मी घ्यायला सांगेन ती गोष्ट सांगण्याची पद्धत. मिश्नाचा नियम: अपमानापासून सुरुवात करावी आणि गौरवाने शेवट करावा. आम्ही मिसरात फारोचे गुलाम होतो, इथून कथा सुरू होते. आपण मुलांना घराण्याचा इतिहास सांगतो तेव्हा वाडा, जमीन, पदव्या यांपासून सुरू करतो. वर्षातली एक रात्र ठरवा. आजोबा गिरणीच्या संपात घरी बसले, आजीने दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केली, कोणाला पाणवठ्यावर जाऊ दिलं नाही, अशा एखाद्या खऱ्या ठिकाणाहून सुरुवात करा. मुलाने विचारायचं, मोठ्यांनी उत्तर द्यायचं. हगादात चार प्रकारची मुलं आहेत, आणि ज्याला विचारताच येत नाही त्याच्यासाठी सूचना अशी की तूच त्याला बोलतं कर.

पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ दिवस मोजत शवुओथपर्यंत जातात, रोज रात्री आकडा उच्चारून. एखादा दिवस पूर्ण चुकला तरी मोजणी थांबवत नाहीत. बहुतेक परंपरांत फक्त आशीर्वाद म्हणणं सोडून पुढे मोजतात. पन्नासाव्या दिवशी तोरा मिळाल्याचा उत्सव. बऱ्याच ठिकाणी रूथची कथा वाचतात, ज्यात परकी विधवा शेतातली राहिलेली कणसं वेचून पोट भरते. दुसऱ्या पायरीतला नियम तिथे माणसाच्या रूपात भेटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ९ आव, यरुशलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा उपास, इसवी सनापूर्वी ५८६ आणि इसवी सन ७०. या दिवशी तालमूदमधली कमसा आणि बर कमसाची गोष्ट वाचा. यजमानाने कमसाला बोलावलं, नोकराने चुकून बर कमसाला आणलं, आणि तो यजमानाचा वैरी. 'मला बसू दे, माझ्या जेवणाचे पैसे देतो,' तो म्हणाला. मग अर्ध्या मेजवानीचे, मग सगळ्या मेजवानीचे. यजमानाने त्याला हाताला धरून बाहेर काढलं. त्याला सर्वांत लागलं ते हे, की पंगतीतले पंडित गप्प बसले. तिथून सुरू झालेला सूड यरुशलेमपर्यंत गेला, असं गोष्ट सांगते. इथे तीन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. कोणासाठी? ज्याचा तुमच्यादेखत अपमान होतोय. किती? एक वाक्य पुरतं, 'त्यांना बसू द्या.' केव्हापर्यंत? तो दाराबाहेर पडायच्या आत.

आचार आणि अदब

ज्यू नसाल तर विधींची नक्कल करू नका. सेदेरचं नाटक, हौसेचा शोफार, हे नको. हिब्रू आशीर्वाद त्यांच्या उपासकांचे आहेत. मजुरी वेळेवर देणं, माफी मागणं, परक्याला पान वाढणं यासाठी त्यांची गरज लागत नाही.

सुरुवातीला सिम्हाथ तोराची वाट पाहू नका. या आठवड्याचा पाराशा कुठलाही असो, तिथूनच लागा. शक्य असेल तर एकदा वाचन ऐकायला जा. मुंबईत १७९६ मध्ये स्थापन झालेलं शाआर हारहामिम आहे, काळा घोड्याला केनेसेथ एलियाहू, भायखळ्याला मागेन डेव्हिड, आणि पुण्यात लाल देऊळ नावाने ओळखलं जाणारं ओहेल डेव्हिड. जाण्याआधी परवानगी घ्या आणि ओळखपत्र सोबत ठेवा, कारण सुरक्षेची तपासणी असते. पुरुषांनी डोकं झाकावं. शनिवारी गेलात तर फोन बंद करून पिशवीत ठेवा आणि वहीत काही लिहू नका, कारण लिहिणं त्या ३९ कामांपैकी एक आहे. प्रश्न असतील ते प्रार्थना संपल्यावर विचारा.